कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची ग्रंथालये

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना आपण त्यांच्याजवळ काय होते ते पाहतो. काय नव्हते, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे चरित्र वाचताना मी प्रथम थांबले ती अशाच एका उणिवेपाशी. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ह्या माणसाला अक्षरओळख नव्हती. पुढे ज्याने आपल्या राज्यात शिक्षण सक्तीचे केले, गावोगाव वाचनालये उभी केली, ग्रंथालयशास्त्र शिकविणारा हिंदुस्थानातील पहिला वर्ग काढला, त्याला एके काळी स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. ज्या घरांत आपल्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा घरांतून आपल्यापैकी पुष्कळजण येथे आलो आहोत. त्या सर्वांना ही गोष्ट धीर देणारी वाटेल.

सयाजीरावांविषयी आपल्याला शाळेपासून थोडेफार ठाऊक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे महाराज, एवढी ओळख तर असतेच. त्यांच्या ग्रंथालय-कार्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मलाही ते ठाऊक नव्हते. यंदा ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली मी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करू लागले. जुन्या दाखल नोंदवहीतील पुस्तके संगणकावर चढवायची, प्रत्येकाचा लेखक, शीर्षक, विषय व वर्गांक ठरलेल्या रकान्यात भरायचा, असे ते काम. ते शिकता शिकता हे शास्त्र आपल्या देशात आले कोठून, असा प्रश्न मनात आला. उत्तर शोधत गेले ते थेट बडोद्यास, आणि तेथून मागे नाशिक जिल्ह्यातील एका लहानशा खेड्यात पोचले.

ते खेडे म्हणजे मालेगावजवळचे कवळाणे. ११ मार्च १८६३ रोजी तेथील काशीराव व उमाबाई गायकवाड यांच्या पोटी गोपाळ जन्मला. आडनाव राजघराण्याचे असले तरी नाते दूरचे होते आणि घर शेतकऱ्याचे होते. गोपाळ शेतात, गुरावासरांत वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. त्या काळी खेड्यातील कुणब्याच्या मुलाच्या वाट्याला ती सहसा येतच नसे.

१८७५ साली इंग्रज सरकारने बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केले. त्यांच्यापूर्वीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि गायकवाडांच्या शाखांतून योग्य मुलाचा शोध सुरू झाला. कवळाण्याहून जी मुले बडोद्यास नेण्यात आली त्यांत गोपाळ होता. कशासाठी आलात, असे विचारल्यावर इतर मुले गोंधळली आणि गोपाळने मात्र राज्य करण्यासाठी आलो असे सांगितले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

येथून पुढचा भाग मला दत्तकविधानाच्या समारंभापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. गादी मिळाली ती एका दिवसात. अक्षर मात्र एका दिवसात मिळत नाही. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक म्हणून नेमले गेले. दिवाण सर टी. माधवराव हे राज्यकारभाराचे धडे देत. ज्या वयात आपण सातवीचे धडे वाचतो त्या वयात ह्या मुलाने पाटीवर पहिली अक्षरे गिरविली, आणि तीही एका भाषेची नव्हेत. मराठी घरची, गुजराती प्रजेची, उर्दू व इंग्रजी कारभाराची, अशा चार भाषा त्याला शिकाव्या लागल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचे सर्वाधिकार हाती आले तेव्हा ते १८ वर्षांचे होते, आणि त्यांच्या शिक्षणाला उणीपुरी सहा वर्षे झाली होती. उशिरा शिकणाऱ्या माणसाला अक्षराची किंमत अधिक कळते. लहानपणीच वाचायला लागलेल्याला वाचन श्वासासारखे वाटते. बाराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला मात्र वाचता न येण्याची अवस्था जन्मभर आठवत राहते. सयाजीरावांच्या पुढच्या साऱ्या कार्याचे मूळ मला ह्या आठवणीत दिसते.

बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली अशा चार प्रांतांत ते गुजरातभर विखुरलेले होते, आणि त्याची लोकसंख्या १९११ च्या सुमारास २० लाखांच्या घरात होती. कारभार हाती घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली कायदा करून तो साऱ्या राज्याला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा नव्हता. १९११ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक नामंजूर झाले, पण एका देशी संस्थानाने जे करून दाखविले ते अशक्य आहे असे म्हणण्याची सोय मात्र उरली नाही.

शाळा निघाल्या, मुले शिकू लागली. पण महाराजांच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती फार थोड्या राज्यकर्त्यांच्या लक्षात येते. तिसरी-चौथीपर्यंत शिकलेला मुलगा शाळा सोडून शेतावर गेला की त्याच्या हाती पुन्हा पुस्तक पडत नाही. पाच-दहा वर्षांत तो अक्षरे विसरतो. म्हणजे त्याच्यावर झालेला खर्च वाया जातो आणि तोही होता तेथेच राहतो.

हे मला कोणी पुस्तकातून समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी पाथर्डी तालुक्यातील आहे. आमच्याकडे दसरा झाला की गावे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. माझे वडील चौथीपर्यंत शाळेत गेले होते. हुशार होते, असे माझी आजी सांगते. पुढे टोळीबरोबर जाऊ लागले आणि शाळा सुटली. आज एस. टी.ची पाटी ते अक्षर-अक्षर जुळवून वाचतात. सही करतात, पण उचलीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतात. त्यांना शाळा मिळाली नाही असे म्हणता येणार नाही. शाळेनंतर त्यांना काहीच मिळाले नाही, हे खरे. कोपीत कंदील होता, पण त्याच्या उजेडात वाचायला काही नव्हते.

सयाजीरावांनी हा प्रश्न ओळखला आणि त्याचे उत्तर ठरविले: शाळेच्या पाठोपाठ वाचनालय गेलेच पाहिजे. ह्या दिशेने गुजरातेत थोडे काम सुरूही झाले होते. मोतीभाई अमीन नावाच्या एका ध्येयवादी शिक्षकाने १९०६ च्या सुमारास मित्रमंडळांच्या रूपाने खेड्यांतून लहान वाचनालये सुरू केली होती. चार मंडळींनी मिळून वर्तमानपत्रे व मासिके मागवायची आणि सर्वांनी वाचायची, अशी ती योजना होती. महाराजांनी ह्या कामाला राज्याचे पाठबळ दिले व मोतीभाईंना ग्रंथालय खात्यात सामावून घेतले.

महाराज जगभर हिंडलेले होते. १९०६ व १९१० सालच्या अमेरिकेच्या दौऱ्यांत त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. श्रीमंताच्या मुलाप्रमाणेच मजुराचा मुलगाही तेथे हक्काने आत जातो, स्वतः कपाटातून पुस्तक काढतो आणि घरी नेतो, हे त्यांनी पाहिले. आपल्याकडे ग्रंथसंग्रह पुष्कळ होते. पण ते वाड्यांत, मठांत आणि पंडितांच्या घरी होते. पुस्तक जपून ठेवणे हा त्यांचा हेतू, वाचायला देणे हा नव्हे. महाराजांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास येण्याचे निमंत्रण दिले. बॉर्डन हे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथालयाचे प्रमुख होते, आणि ड्यूई व कटर ह्या दोघाही वर्गीकरणकारांच्या पद्धती त्यांना उत्तम अवगत होत्या. १९१० च्या अखेरीस ते बडोद्यास आले आणि १९१३ पर्यंत राहिले. अवघ्या तीन वर्षांच्या ह्या मुक्कामात आपल्या देशातील आधुनिक ग्रंथालय-व्यवस्थेचा पाया घातला गेला.

मध्यवर्ती ग्रंथालयाच्या प्रारंभासाठी महाराजांनी राजवाड्यातील स्वतःच्या संग्रहातून सुमारे २० हजार ग्रंथ दिले. पण केवळ ग्रंथ दिल्याने ग्रंथालय होत नाही. वीस हजार ग्रंथांचा ढीग म्हणजे ज्याला त्यातले एक हवे आहे त्याच्या दृष्टीने बंद दरवाजाच. म्हणून १९११ साली बॉर्डन यांनी ग्रंथालय-कामाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील हा पहिला ग्रंथालयशास्त्राचा वर्ग समजला जातो. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील अभ्यासक्रम १९१५ साली सुरू झाला. आणि ज्यांना आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो ते डॉ. एस. आर. रंगनाथन हे शास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले ते १९२४ साली. तोवर बडोद्याचे काम तेरा-चौदा वर्षांचे झाले होते.

त्या वर्गात काय शिकवीत असतील, याची मला उत्सुकता होती. आपल्याकडे तोवर ग्रंथांची यादी म्हणजे वही असे. पुस्तक आले की शेवटच्या ओळीखाली त्याची नोंद करायची. वहीत मध्येच नवी ओळ घालता येत नाही. त्यामुळे संग्रह वाढला की यादी निरुपयोगी होते. अमेरिकेतून आलेली नवी युक्ती होती तालिकापत्राची, म्हणजे कार्डाची. पाच इंच रुंद व तीन इंच उंच अशा जाड कागदाच्या तुकड्यावर एकाच पुस्तकाची नोंद करायची. एक पत्र लेखकाच्या नावाचे, एक शीर्षकाचे, एक विषयाचे. ती वर्णानुक्रमाने लाकडी खणांत लावायची आणि खालच्या भोकांतून सळई घालायची. नवे पुस्तक आले की नवे पत्र योग्य जागी सरकवायचे. वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट; परंतु तिच्यामुळे प्रथमच असे झाले की वाचकाला तीनपैकी एकच गोष्ट ठाऊक असली तरी तो पुस्तकापर्यंत पोचू शकला. लेखक माहीत नाही पण विषय माहीत आहे, अशा माणसालाही दार उघडले. आणि खेड्यातून आलेला नवखा वाचक बहुधा असाच असतो.

बॉर्डन यांनी ड्यूईंचे दशांश वर्गीकरण व कटर यांची पद्धती यांच्या मिश्रणातून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले आणि मुक्तद्वार पद्धती सुरू केली. कपाटांना कुलूप नाही, वाचकाने स्वतः आत जाऊन पुस्तक निवडावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. आज आम्ही संगणकावर जे करतो ते ह्याच तालिकापत्रांचे पुढचे रूप आहे. रकान्यांना आता क्रमांक असतात. लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये. मराठी साहित्याचा ड्यूई वर्गांक ८९१.४६, त्यात कवितेसाठी पुढे १ आणि कथा-कादंबरीसाठी ३. लाकडी खण गेले, सळई गेली. पडद्यावर शब्द टाकला की क्षणात यादी येते, आणि ती घरबसल्या मोबाईलवरही पाहता येते. ‘कोहा’सारखी न्यूझीलंडमध्ये जन्मलेली संगणकप्रणाली तर कोणालाही विनामूल्य वापरता येते.

पण यंत्र बदलले तरी मूळ अडचण तीच राहते. ‘विशाखा’वर कवी म्हणून कुसुमाग्रज हे नाव आहे आणि ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. दोन्ही नावे एकाच माणसाची, हे संगणकाला ठाऊक नसते. ते कोणीतरी त्याला सांगावे लागते. बालकवी शोधणाऱ्याला ठोंबरे ह्या नावाखालची पुस्तकेही दिसली पाहिजेत. तुकारामांची नोंद आडनावाखाली करून चालत नाही. ऱ्हस्वदीर्घ चुकले की पुस्तक कपाटात असूनही नाहीसे होते. ज्या पुस्तकाची नोंद नीट नाही ते त्या ग्रंथालयात नाहीच, असे आमचे ग्रंथपाल सर नेहमी बजावतात. बडोद्याच्या वर्गातील विद्यार्थ्यांना बॉर्डन साहेब याहून निराळे काय सांगत असतील? शतकापूर्वी कार्डावर बोरूने किंवा टाकाने नाव लिहिणारा तो विद्यार्थी आणि आज कळफलकावर बोटे चालविणारे आम्ही, दोघांचेही काम एकच: ज्याला फारसे विचारता येत नाही, त्याच्यापर्यंत पुस्तक पोचविणे.

सयाजीरावांचे खरे वेगळेपण मला दिसते ते ग्रंथालय शहरात अडकू न देण्यात. गावाला वाचनालय हवे असेल तर त्यांनी एक नियम घालून दिला. गावकऱ्यांनी वर्षाला जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने व तेवढीच राज्याच्या ग्रंथालय खात्याने द्यावी. लहान गावासाठी ह्या प्रत्येक वाट्याची मर्यादा वर्षाला १०० रुपये होती. मोठ्या गावांना व प्रांताच्या ठिकाणांना अधिक. इमारतीसाठीही असाच तिहेरी वाटा असे. राजाने सारे फुकट दिले असते तर लोकांनी दोन दिवस कौतुक केले असते आणि नंतर त्या खोलीत कडबा भरला असता. स्वतःचा तिसरा हिस्सा घातल्यामुळे ते वाचनालय गावाचे झाले. ह्या मार्गाने संस्थानात शेकडो ग्राम-वाचनालये उभी राहिली.

आणि ज्या गावांत वाचनालय होऊ शकत नव्हते तेथे ग्रंथ पेटीतून गेले. ही फिरत्या ग्रंथालयाची योजना मला सर्वांत अधिक भावली. मजबूत लाकडी पेटीत निवडक पंधरा ते तीस पुस्तके भरायची, पेटी आगगाडीने व पुढे मिळेल त्या साधनाने गावी पाठवायची, काही काळाने ती परत घेऊन दुसरी द्यायची. जाण्यायेण्याचे भाडे राज्याने सोसायचे. वाचणाऱ्याला एक पैही पडायची नाही. ज्यांना मुळीच वाचता येत नाही त्यांच्यासाठी जादूचा कंदील व चलच्चित्रे दाखविणारी स्वतंत्र शाखा होती. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळे वाचनालय होते आणि मुलांसाठी खेळांसह बालविभाग होता. पुढे ह्या ग्रंथालयासाठी मांडवीजवळ जी इमारत झाली, तिच्यात पोलादी घोडे बसविले व मजल्यांची जमीन जाड काचेची केली, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा.

१९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागले. आपल्या देशातील ग्रंथालय-विषयावरचे ते पहिले नियतकालिक, आणि विशेष म्हणजे ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत असे. १९१९ पर्यंत ते चालले. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खात्याची धुरा सांभाळली आणि १९१९ साली बडोद्याच्या ह्या चळवळीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ते काम चालविले. म्हणजे साहेब गेला आणि काम बुडाले, असे बडोद्यात झाले नाही. कारण साहेबाने आधी माणसे शिकविली होती.

वाचनालये झाली तरी वाचायला लोकांच्या भाषेत पुस्तके हवीत. त्यासाठी महाराजांनी मोठा निधी वेगळा काढला आणि श्री सयाजी साहित्यमाला व मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला सुरू करून मराठी व गुजरातीत अनेक विषयांवरची पुस्तके लिहवून घेतली. जुन्या संस्कृत पोथ्यांच्या प्रकाशनासाठी गायकवाड प्राच्यविद्या मालिका निघाली आणि १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर ही स्वतंत्र संस्था झाली. बडोदे गुजरातेत असले तरी मराठीची तेथे आबाळ झाली नाही. १९०९ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, आणि १९३२ साली कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीरावांनी भूषविले. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरविणारा मुलगा एकोणसत्तराव्या वर्षी मराठी साहित्यिकांच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला, ह्याहून शिक्षणाचा मोठा गौरव कोणता?

तथापि चरित्र लिहिताना फक्त उजेडच दाखविणे योग्य नव्हे. १९१३ साली ज्या आंबेडकरांना महाराजांनी अमेरिकेस पाठविले, ते १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. जातीमुळे त्यांना निवारा सोडावा लागला आणि नोकरीही. ज्या नगरात मुक्तद्वार ग्रंथालय होते, त्याच नगरातील घरांची दारे बंद होती. राजाने हुकूम काढून कपाटाचे कुलूप निघते. मनाचे निघत नाही. म्हणून सयाजीरावांचे कार्य लहान ठरते असे मला वाटत नाही. पुस्तक पोचवून काम संपत नाही, तेथून ते सुरू होते, एवढे मात्र ह्या घटनेवरून ध्यानात येते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. पुढे १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यास सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रात त्यांचे स्मरण करणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील अग्रणी होते. साताऱ्यास १९४० साली त्यांनी काढलेल्या हायस्कूलला महाराजा सयाजीराव हे नाव आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याखाली आज गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासनाचे अनुदान मिळते. लोकांनी काही करावे व शासनाने त्यास जोड द्यावी, हे तत्त्व तेच, जे बडोद्यात आधी राबविले गेले.

आपल्या जिल्ह्याला तर वाचनालयाचा वारसा बडोद्याहूनही जुना आहे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे; म्हणजे सयाजीराव जन्मण्यापूर्वी पंचवीस वर्षे ते चालू होते. अशा जिल्ह्याचे आज नाव अहिल्यानगर झाले आहे. परंतु नगर शहरातील वाचनालय आणि पाथर्डी-शेवगावच्या वस्त्या यांच्यात जे अंतर आहे ते काही केवळ मैलांत मोजण्यासारखे नाही. संगणकावर आपल्या ग्रंथालयाची तालिका आता जगात कोठूनही दिसते. उसाच्या फडात मात्र ती दिसून उपयोग काय, जर पुस्तक तेथे पोचतच नसेल?

म्हणून हे चरित्र वाचून माझ्या मनात आलेला एक विचार सर्व विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे व प्राध्यापकवर्गापुढे ठेवते. दरवर्षी आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. आपण रस्ता करतो, झाडे लावतो. एका वर्षी आपण ग्रंथपेट्या करून पाहू. पत्र्याची साधी पेटी, तिच्यात वीस पुस्तके: मोठ्या टायपातल्या गोष्टी, एक-दोन संतचरित्रे, औषधपाण्याची माहिती, हिशेब व कायद्याची सोपी पुस्तके, मुलांसाठी चित्रांची. दसऱ्यानंतर टोळी निघताना पेटी तिच्याबरोबर जावी व हंगाम संपल्यावर परत यावी. टोळीतला जो कोणी सातवी-आठवी झालेला असेल त्याने ती सांभाळावी आणि कोपीत रात्री एखादे पान मोठ्याने वाचावे. कोणती पेटी कोठे आहे, तिच्यात काय आहे, कोणते पुस्तक अधिक मळून परत आले, ह्याची नोंद संगणकावर ठेवण्याचे काम ग्रंथालयात शिकणारे आम्ही विद्यार्थी आनंदाने करू. पुस्तके हरवतील हे खरे. परंतु कपाटात न वाचता कसर लागून जाणाऱ्या पुस्तकापेक्षा फडात हरवलेले पुस्तक कोणाच्या तरी हाती गेले असण्याची शक्यता अधिक.

सयाजीरावांजवळ राज्य होते, खजिना होता; आपल्याजवळ तो नाही, हे कोणीही म्हणेल. पण पेटी, वीस पुस्तके आणि नीट लिहिलेली यादी ह्यांसाठी राज्य लागत नाही. लागते ती फक्त एक आठवण, आपल्यालाही कधी वाचता येत नव्हते याची. ती कवळाण्याच्या गोपाळने राजवाड्यात राहूनही पुसू दिली नाही. आपणही पदवीचा कागद हाती आल्यावर ती पुसू देऊ नये, एवढेच मला ह्या चरित्रातून घ्यावेसे वाटते.